पीसीडी जुळला, तरी चाक घासतं आणि स्टिअरिंग थरथरतं: जुन्या माझदा एमएक्स-५ साठी अलॉय निवडताना

ताशी ६० मैलांच्या आसपास स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं आणि ७० च्या पुढे जरा शांत होतं. शेजारच्या सीटवर कुणी बसलं की खड्ड्यात मागून खर्रकन आवाज येतो. पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं चाक आत कशाला तरी घासतं. माझ्या १९९१ च्या माझदाला ही तिन्ही दुखणी एकाच दिवशी लागली. त्या दिवशी मी तिची मूळ १४ इंची चाकं उतरवून १६ इंची सेकंडहँड अलॉय चढवली होती. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "पीसीडी ४×१०० आहे, बसणारच." पीसीडी म्हणजे नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचं माप. चारही नट व्यवस्थित लागले आणि चाकं बसलीही. पण नट लागणं आणि चाक गाडीला बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला सहा महिने आणि दोन वेळचं बॅलन्सिंग लागलं.

तेव्हापासून ही गाडी घेतलेल्या ओळखीच्या प्रत्येकाकडून मला 'हिला कोणती अलॉय बसतील' हाच प्रश्न येतो. म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवते.

गाडी कोणती ते आधी सांगते. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये माझदाने ही दोन सीटची, उघड्या टपाची गाडी पहिल्यांदा दाखवली. युरोपात ती एमएक्स-५, अमेरिकेत मियाटा आणि जपानात युनोस रोडस्टर. वर उघडणारे दिवे असलेली ही पहिली पिढी १९९७ पर्यंत बनत होती. माझी युनोस जपानातून आयात होऊन इंग्लंडला आली आणि आता मिल्टन कीन्समध्ये राहते. या गावात चौकांच्या जागी राउंडअबाउटच राउंडअबाउट आहेत, त्यामुळे चाक कुठे घासत असेल तर ते लपून राहत नाही.

मूळ चाकाची मापं पाठ करून ठेवा. पुढचं सगळं गणित त्यांच्यावरच चालतं. १.६ लिटरच्या गाडीचं सात आऱ्यांचं अलॉय १४ इंच व्यासाचं, ५.५ इंच रुंदीचं, ऑफसेट ४५ (ऑफसेट म्हणजे काय ते पुढे येतं). पीसीडी ४×१००, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार भोकं. हबचा, म्हणजे चाक गाडीच्या ज्या भागावर बसतं त्याचा, उंचवटा जिथे शिरतो ते मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. स्टड, म्हणजे नट ज्यावर लागतात ते बोल्ट, एम १२ (१२ मिलिमीटर जाड), आटे १.५ मिलिमीटर अंतराचे. टायर १८५/६० आर १४, म्हणजे नावाला १८५ मिलिमीटर रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १४ इंची. हे चाक जेमतेम साडेपाच किलोचं आहे. आजच्या बाजारातलं स्वस्त १६ इंची अलॉय याच्या दीडपट सहज भरतं, आणि साडेनऊशे किलोच्या गाडीला तो फरक पहिल्या वळणावर जाणवतो.

आता दुखणी एकेक करून.

स्टिअरिंगची थरथर

आपल्याकडच्या गॅरेजात याला 'वॉबलिंग' म्हणतात, आणि टायरवाला पहिला उपाय बॅलन्सिंगचाच सांगतो. त्याचं चुकतं असं नाही. ही पिढी या बाबतीत फार हळवी आहे. ताशी ६० ते ६५ मैलांची थरथर हे तिचं जगभर ठाऊक असलेलं दुखणं, आणि मोठ्या गाडीत कळणारही नाही एवढा पाच-दहा ग्रॅमचा असमतोल ती थेट हातात आणून देते. पण बॅलन्सिंग करूनही थरथर परत आली, किंवा चाक काढून पुन्हा लावलं की कमी-जास्त होऊ लागली, तर मशिनकडे परत जाऊ नका. चाक काढा आणि मधलं भोक मोजा.

माझ्या अलॉयचं भोक ६७.१ होतं. बाजारातली बरीचशी अलॉय अनेक गाड्यांना चालावीत म्हणून भोक मुद्दाम मोठं ठेवून बनवतात. हबचा उंचवटा ५४, भोवतालचं भोक ६७, म्हणजे चारही बाजूंनी साडेसहा मिलिमीटरची पोकळी. बॅलन्सिंगच्या मशिनवर चाक शंकूने अगदी मधोमध धरलं जातं, तिथे ते निर्दोष फिरतं. गाडीवर मात्र त्याला मधोमध धरणारं नटांशिवाय काहीच नसतं. नट शंकूच्या आकाराचे असल्यामुळे ते चाक मधे ओढतात हे खरं, पण गाडी जमिनीवर टेकवून, चाकावर वजन घेऊन नट कसले तर चाक किंचित खाली बसलेलंच राहतं. अर्धा मिलिमीटर पुरतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे: बाहेरून ६७.१ आणि आतून ५४.१ ची हब रिंग. प्लास्टिकची चालते, ॲल्युमिनियमची जास्त टिकते. रिंगचं काम चाक मधे धरण्याचं. गाडीचा भार चाक आणि हबच्या एकमेकांवर दाबलेल्या पृष्ठभागांवर असतो, त्यामुळे प्लास्टिक म्हणून घाबरू नका. मात्र रिंग घालण्याआधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ३० वर्षांच्या हबवर गंजाचे पापुद्रे चढलेले असतात. एका बाजूला पापुद्रा राहिला तर चाक तिरकं बसतं. तो दाबला गेला की नट ढिले पडतात. मी हे दोन्ही पाहिलं आहे.

नट लावायचे ते गाडी जॅकवर असताना, चाक हवेत असताना, समोरासमोरचे आलटून पालटून, हाताने बसतील तेवढे. मग गाडी खाली घेऊन टॉर्क पान्याने कसायचे. माझदाचा आकडा ८८ ते ११८ न्यूटन मीटर आहे. मी १०५ वर थांबते.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर ती डिस्कची गोष्ट आहे, चाकाची नाही. ठरावीक वेगापुरता नसलेला, सततचा घरघराट असेल तर बेअरिंग बघा.

नट दिसायला सारखे, बैठक वेगळी

हा भाग घाईत सगळ्यात जास्त राहून जातो. माझदाचे नट ६० अंशांच्या शंकूचे आहेत. होंडाच्या मूळ अलॉयचा पीसीडीही ४×१००, पण त्यांची नटाची बैठक गोल, वाटीसारखी असते. शंकूचा नट वाटीत बसवला तर तो एका बारीक कडेवर टेकतो. कसताना घट्ट लागतो आणि चालवताना ढिला होतो. टोयोटाच्या कित्येक जुन्या अलॉयना सपाट वॉशरचे, लांब दांड्याचे नट लागतात. चाक कोणत्या गाडीवरून उतरलं आहे ते विचारा आणि त्या बैठकीचा नट घ्या.

आट्यांचंही तसंच. माझदा, होंडा, टोयोटा यांचे १.५ चे; सुझुकी आणि निस्सानचे १.२५ चे. भारतातल्या स्विफ्टचा पीसीडी ४×१०० आणि भोकही ५४.१ आहे, म्हणून सांगलीतला माझा भाचा विचारत होता की तिची अलॉय एमएक्स-५ ला लागतील का. पीसीडी आणि भोकापुरतं उत्तर हो आहे, ऑफसेट आणि रुंदी मोजावी लागेल, आणि स्विफ्टचे नट मात्र चुकूनही लावू नका. पहिले दोन आटे हाताने जातात, पुढे पान्याने जोर केला की स्टडचे आटे कापले जातात.

घासणं: इथे बसून गणित करायचं

ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीची मधली रेषा आणि हबला टेकणारी पाठ यांच्यातलं अंतर. चाकावर तो 'ईटी' म्हणून कोरलेला असतो, मूळ जर्मन शब्दाची ती आद्याक्षरं. आकडा मोठा तर चाक गाडीच्या आत, आकडा लहान तर बाहेर. एवढं सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती ऑफसेट एकटाच बघितल्याने. रुंदी बदलली की तोच ऑफसेट वेगळं काही सांगायला लागतो.

इंचाचे मिलिमीटर करून निम्मी रुंदी काढा. त्यात ऑफसेट मिळवला की हबपासून आतली कड किती आत आहे ते कळतं. वजा केला की बाहेरची कड.

मूळ चाक: ५.५ इंच म्हणजे १३९.७, निम्मे ६९.८५. आत ११४.८५, बाहेर २४.८५.

माझी ती अलॉय ७ इंच रुंद, ईटी २० ची होती. निम्मे ८८.९. आत १०८.९, बाहेर ६८.९. म्हणजे आतली कड मुळापेक्षा ६ मिलिमीटर बाहेर सरकली आणि बाहेरची कड तब्बल ४४ मिलिमीटर बाहेर आली. मागच्या मडगार्डला आत वळलेली कड असते, तिथेच टायर घासत होतं.

७ इंच, ईटी ३५ घेतलं असतं तर? आत १२३.९, बाहेर ५३.९. आतली कड ९ ने आत, बाहेरची २९ ने बाहेर. हे बसतं.

पण हा आकडा रिमच्या कडेचा आहे, आणि घासतं ते टायर. मूळच्या अरुंद रिमवर १८५ चं टायर दोन्ही बाजूंनी फुगलेलं असतं, साधारण १८९ मिलिमीटर रुंद. ७ इंची रिमवर १९५/५० आर १५ ताणलं जाऊन २११ च्या आसपास जातं. टायरच्या पोटापासून हिशेब केला तर ईटी ३५ च्या जोडीत बाहेरच्या बाजूला प्रत्यक्ष वाढ सुमारे २१ मिलिमीटर आणि आतल्या बाजूला जेमतेम १. रिमवरून केलेला हिशेब बघून "आत ९ मिलिमीटर जातंय, सस्पेन्शनच्या वरच्या आर्मला लागेल" म्हणून ज्यांनी चांगली चाकं नाकारली, अशा दोघांना मी ओळखते. दोन्ही हिशेब करा. रिमची कड सस्पेन्शनच्या लोखंडाशी ताडून बघायची, टायरचं पोट मडगार्डशी. टायरची खरी रुंदी कंपनीगणिक चार-पाच मिलिमीटर बदलते, ती त्या टायरच्या माहितीपत्रकातून घ्यायची.

आणि गाडीवर मोजा, चारही चाकांवर. हे मी कितीही वेळा सांगेन. या गाड्यांना मागच्या चाकाच्या आसपास गंज लागतो आणि बहुतेकींचं तिथलं पत्र्याचं काम कधी ना कधी झालेलं असतं. नव्या पत्र्याची कड जाड असते, कधी दोन-चार मिलिमीटर आत असते. माझ्या गाडीत मूळ चाक लावून मडगार्डच्या कडेला पट्टी उभी धरली तेव्हा उजवीकडे टायरपर्यंत ३१ मिलिमीटर जागा होती आणि डावीकडे २५. पोटापासून ३३ मिलिमीटर बाहेर येणारं १६ इंची चाक दोन्ही बाजूंना बसणारच नव्हतं, आणि २१ ने येणारं १५ इंची डावीकडेसुद्धा चार मिलिमीटर राखून बसणार होतं. टेपपट्टी घेऊन दहा मिनिटं खाली बसले असते तर माझे सहा महिने वाचले असते.

चाक वर दबल्यावर काय होतं तेही बघायला हवं. या गाडीला चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे वर-खाली दोन आर्मचं सस्पेन्शन आहे, त्यामुळे चाक वर जाताना त्याचा माथा थोडा आत झुकतो. म्हणून उभ्या गाडीत कडेशी जवळ दिसणारं टायर खड्ड्यात वाचतं. पण ३० वर्षांच्या स्प्रिंग बसलेल्या असतात, आणि शॉकअबच्या दांड्यावरचे फोमचे बंप स्टॉप बहुतेक गाड्यांत भुगा होऊन पडलेले असतात. मग चाक जिथे थांबायला हवं त्याच्या वर जातं, आणि दोष नव्या अलॉयला लागतो. चाक घासतंय म्हणून मडगार्डची कड ठोकायला निघण्याआधी बंप स्टॉप शिल्लक आहेत का ते बघा.

घासण्याची नेमकी जागा शोधायची सोपी रीत: मडगार्डच्या आतल्या कडेला रंगकाम करणाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावा, शेजारी माणूस बसवा, डिकीत वजन टाका आणि एक फेरी मारा. पट्टी फाटलेली असेल तिथे कड घासते. पट्टी शाबूत आणि तरी आवाज येतोय, तर टायरच्या आतल्या बाजूवर चमकदार वर्तुळ शोधा. ते दिसलं तर चाक जास्त आत गेलं आहे. पुढचं चाक फक्त पूर्ण वळवल्यावर घासत असेल तर कारण बहुधा कमी ऑफसेट असतं. चाक जितकं बाहेर, तितकं ते वळताना मोठं वर्तुळ काढतं आणि मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला जाऊन भिडतं. शिवाय ४५ वरून २० वर आलं की चाकाची मधली रेषा २५ मिलिमीटर बाहेर सरकते. स्टिअरिंगला झटके बसायला लागतात आणि गाडी रस्त्यातल्या चरांमागे धावते. ज्या गाडीचं स्टिअरिंग हेच तिचं सगळ्यात मोठं सुख आहे, तिच्याशी असं वागू नये असं मला मनापासून वाटतं.

व्यास

मूळ टायरचा बाहेरचा व्यास ५७७.६ मिलिमीटर. १९५/५० आर १५ चा ५७६, फरक नसल्यातच जमा. २०५/५० आर १५ चा ५८६. २०५/४५ आर १६ चा ५९०.९, म्हणजे सव्वादोन टक्के जास्त आणि चाकाचा माथा साडेसहा मिलिमीटर वर.

इथे फसवणारी चाकं म्हणजे २०१५ नंतरच्या नव्या एमएक्स-५ ची. त्यांचा पीसीडी पुन्हा ४×१०० आहे, भोकही ५४.१, आणि दिसायला देखणी. पण त्यांचं १७ इंची चाक २०५/४५ टायरसह ६१६ मिलिमीटरचं होतं. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४ ने धावत असेल, आणि ब्रिटनमध्ये स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणं नियमात बसत नाही. मधल्या, २००५ नंतरच्या पिढीचा तर प्रश्नच नाही, तिचा पीसीडी ५×११४.३ आहे.

दुसऱ्या पिढीची, १९९८ ते २००५ ची, १५ इंची मूळ चाकं मात्र आपल्या कामाची आहेत: ६ इंच रुंद, ईटी ४०, टायर १९५/५०. रिंग लागत नाही, तेच नट चालतात, बाहेरची कड फक्त ११ मिलिमीटर पुढे येते. कुणाला हिशेबात पडायचंच नसेल तर मी डोळे मिटून हीच सुचवते.

ब्रेक, स्पेसर आणि कागदपत्रं

१.८ लिटरच्या गाडीचे ब्रेक थोडे मोठे असले तरी १४ इंची मूळ चाकात मावतात. आधीच्या मालकाने दुसऱ्या पिढीतले २७० मिलिमीटरचे स्पोर्ट ब्रेक बसवले असतील तर मात्र १५ च्या खाली जाता येणार नाही. चाक हाताने फिरवून आरे आणि कॅलिपर यांच्यातली फट बघा.

चाक आणि हबच्या मधे स्पेसर घालून ऑफसेट जुळवायचा विचार मी तरी करणार नाही. पाच मिलिमीटरच्या पातळ चकतीने हबचा उंचवटा गिळला जातो आणि नटाला तेवढे आटे कमी मिळतात. स्पेसर लागत असेल तर ते चाक या गाडीचं नाही.

सेकंडहँड घेताना आतल्या बाजूला जेडब्ल्यूएल ही जपानी मानकाची खूण कोरलेली आहे का बघा. चाक बॅलन्सिंगच्या मशिनवर टायरशिवाय फिरवून घ्या, वाकलेलं असेल तर कड डोलताना दिसते. ब्रिटनमध्ये चाकं बदलल्याचं विमा कंपनीला कळवावं लागतं, आणि वार्षिक एमओटी तपासणीत टायर कुठे घासत असेल तर गाडी नापास होते.

माझ्या गाडीवर आता १५ इंची, ७ इंच रुंद, ईटी ३५ ची चाकं आहेत, टायर १९५/५०, आत ॲल्युमिनियमच्या रिंग, हवा २६ पीएसआय. बसवल्यावर पहिले ५० मैल झाल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासले. एक नट पाव फेरा फिरला, बाकी जिथल्या तिथे होते. मागच्या मडगार्डमध्ये लावलेली चिकटपट्टी मी मुद्दाम काढली नाही. शेजारी माणूस आणि डिकीत आठवड्याची भाजी घेऊन गावातले सगळे राउंडअबाउट पालथे घातले, डावीकडची पट्टीसुद्धा अजून कोरीच आहे.